लाल डोळ्यांचं वऱ्हाड

माझं लग्न लागलं तेव्हा मांडवात डोळ्यांनी धड दिसत होतं ते मला एकटीलाच, आणि मला मान खाली घालून बसायला सांगितलेलं होतं. त्यामुळं त्या लग्नात नेमकं काय काय झालं हे खात्रीनं सांगणारं कुणी उरलंच नाही. जो तो आपल्या अंदाजानं सांगायचा. आबा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत म्हणत राहिले की जेवणावळीत बुंदी कमी पडली नाही. ती कमी पडली होती, मी पाहिलं होतं. पण त्यांच्या हयातीत मी त्यांना कधी खोटं पाडलं नाही, आणि आता भांडायला कुणी राहिलं नाही, म्हणून सावकाश लिहायला बसले आहे.

आमचं घर विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या वाटेला. घरात सकाळी पहिला आवाज व्हायचा तो आईच्या खोकण्याचा. चुलीत लाकडं नेहमी अर्धवट ओली, आणि धूर छपराला डोकं आपटून पुन्हा आमच्याकडंच खाली यायचा. त्यामुळं आम्ही भाकरी खाताना सगळे रडत असायचो. एकदा आबांच्या ओळखीचे एक गृहस्थ ऐन जेवणाच्या वेळी आले. आम्ही ओळीनं बसून, डोळ्यांतून पाणी काढत, हुलग्याचं माडगं पीत होतो. ते उंबऱ्यातच थबकले, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "कवा झालं हे?" आई म्हणाली, "आताच उतरवलंय, बसा." त्यांनी पाहुणचार न घेताच काढता पाय घेतला आणि विंझरात जाऊन आमच्या घरात कुणीतरी गेल्याचं सांगितलं. दुपारी दहा-बारा माणसं भेटायला आली.

घरात सत्ता होती आत्याची. आत्या आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि घराच्या किल्ल्यांसकट सगळ्यांचे डोळेही तिनं ताब्यात घेतले. तिन्हीसांजेला ती एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याची ताटली पालथी धरायची, धरलेली काजळी लोण्यात खलायची आणि पितळी डबीत भरून ठेवायची. सकाळी ओट्यावर तिचा दरबार भरायचा. डबी एक आणि बोट एक. आधी आबा, मग आम्ही, मग शेजारची पोरं, आणि वाटेनं जाणारं कुणी "डोळं चुरचुरत्यात" म्हणालं तर तेही. एकदा बोलण्याच्या नादात तिनं म्हशीच्या रेडकाला काजळ घातलं आणि बोटावर उरलेलं माझ्या डोळ्यांत घातलं. मी रडले तेव्हा म्हणाली, "त्याचं डोळं बघ किती मोठं हायेत."

दुसरी सामाईक वस्तू आबांचा पंचा. त्यानं आबा घाम पुसत, पोरांची नाकं पुसत, बैलाची शिंगं पुसत, आणि आम्ही तोंड धुऊन आलो की तोच पंचा आमच्यापुढं करत. तो धुवायला मागितला तर म्हणत, "आत्ता तर कुठं मऊ पडलाय."

तेव्हा मला अठरावं सरत आलं होतं आणि आमच्या भागात त्या वयाच्या पोरीला घोडनवरी म्हणत. माझं लग्न आधी दोनदा ठरून राहिलं होतं. पहिल्यांदा आजोबा गेले, दुसऱ्यांदा मुलाकडचे कुणी गेले. आता भोरच्या खालच्या अंगाच्या एका गावातलं स्थळ ठरलं होतं, वैशाखातली तिथी धरली होती आणि आई कुणाला शिंकूही देत नव्हती. हे तिसऱ्यांदा राहिलं असतं, तर पोरीचाच पायगुण वाईट म्हणून लोकांनी माझं नावच टाकलं असतं. आई हे बोलून दाखवत नव्हती, पण तांदूळ निवडताना खडे जरा जोरानंच फेकत होती.

अशात लग्नासाठी माझा थोरला भाऊ भोरहून आला. दादा तिथं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाटल्या धुवायला लागला होता. तीन-चार महिनेच झाले होते, पण चालणं बदललं होतं. तो आला तोच हात वर करून म्हणाला, "मला कुणी हात लावू नका. भोरात डोळ्याची साथ हाय. घरटी माणसं डोळं धरून बसल्यात."

"मंग तू कशाला आलास?" आत्या म्हणाली.

"तुमाला सांगाया आलो. हे बघण्यानं पसरत न्हाई, हातानं आन् फडक्यानं पसरतंय. ज्याचं फडकं त्यानंच वापरायचं. डोळं चोळायचं न्हाईत. हात घडोघडी धुवायचं. आन् आत्या, तुझं ते काजळाचं बोट आता बंद."

आत्यानं बोट पदरात घेतलं. जसं काही तो ते कापून नेणार होता.

दादानं त्याच दुपारी जुन्या धोतराचे तुकडे केले, भिंतीत खुंट्या ठोकल्या आणि ज्याची त्याची खुंटी वेगळी केली. घरात तेव्हा वाचता कुणालाच येत नव्हतं (मी शिकले ते फार पुढं) म्हणून त्यानं कोळशानं खुंट्यांवर चित्रं काढली. आबांच्या खुंटीवर बैल, आईच्या खुंटीवर चूल, माझ्या खुंटीवर फूल, आणि आत्याच्या खुंटीवर कोंबडी. यावरून जी लढाई झाली तीत डोळ्यांचा विषय मागंच पडला. "म्या कोंबडी कशी?" एवढाच आत्याचा प्रश्न होता आणि तो ती प्रत्येकाला विचारत होती. दादा म्हणत होता की त्याला चित्रं तेवढीच येतात. शेवटी आबांनी मोठेपणा करून आपला बैल आत्याला दिला आणि स्वतः कोंबडी घेतली. आत्या म्हणाली, "बैलबी नको मला," पण ते पुटपुटत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा उठला तो चाचपडत. दोन्ही पापण्या चिकटलेल्या, डोळे गुंजेसारखे लाल. साथ आमच्या घरात आणली ती त्यानंच. तो म्हणत राहिला की वाटेतली धूळ गेलीय. आत्या त्याच्या उशाशी बसून अगदी प्रेमानं म्हणाली, "फडकं कोणतं देऊ बाळा, कुणाच्या खुंटीवरचं?"

मग एकेक जण पडू लागला. आबांचे डोळे आले, आत्याचे आले, आईचे आले. मग शेजारी, मग वाडीची वाडी. दादा कितीही ओरडला तरी लोकांची जुनी समजूत पक्की होती की आलेल्या डोळ्यांकडं पाहिलं की आपले येतात. त्यामुळं सगळी वाडी पाठमोरी झाली. विहिरीवर बायका एकमेकींकडं पाठ करून गप्पा मारत होत्या. आबांनी मांडवाचे वासे ठरवले ते सुताराशी पाठीला पाठ लावून, आणि सुतार मधेच उठून गेला तरी बराच वेळ ते लांबी-रुंदी सांगत होते. आणि गंमत अशी की हे सगळे पाठमोरे लोक पाणी पिताना तांब्या एकाच फडक्यानं पुसत होते. दादा बिछान्यातून हे ऐकायचा आणि कपाळावर हात मारायचा, आणि मग आपणच डोळ्यांजवळ हात नेला म्हणून तो धुवायला उठायचा.

आता घरात धड डोळ्यांची राहिले मी. आईनं सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, तेही जरा तिरपं, आणि म्हणाली, "हिचं डोळं आलं तर ती माणसं म्हणतील, पोरगी डोळ्यानं अधू हाय म्हणून एवढी वर्सं घरात ठिवली. हिला काय बी करून जपायची."

दादानं मला गोठ्यावरच्या माळ्यावर चढवलं. माझा तांब्या वेगळा, ताट वेगळं, फुलाच्या खुंटीचं फडकं रोज उकळत्या पाण्यातून काढलेलं. तोंडाला हात लावायचा नाही म्हणून त्यानं माझ्या दोन्ही हातांना कापडाच्या पिशव्या बांधल्या. माणसाचं नाक दिवसातून किती वेळा खाजतं हे मला तिथं कळलं. मी माळ्याच्या खांबाला नाक घासायची आणि खालून म्हैस वर बघत राहायची. वैशाखाचं ऊन कौलांतून उतरत होतं, खाली शेणाचा वास, बाहेर मांडवाचे डांब ठोकल्याचा आवाज, आणि मी हातांत पिशव्या घालून नवरी झालेली.

आत्याला एकच घोर होता. बिनकाजळाची नवरी तिनं जन्मात पाहिली नव्हती. नजर लागेल म्हणून ती डबी घेऊन शिडीवर चढायची आणि दादा आवाजाच्या रोखानं उलथनं घेऊन शिडीखाली उभा राहायचा. दोघांनाही धड दिसत नव्हतं. एकदा आत्या चढून आली आणि "ये ग माझी बाय" म्हणत तिनं मोठ्या मायेनं खांबाला काजळ लावलं. मी श्वास धरून कोपऱ्यात बसले होते. खाली उतरल्यावर ती आईला म्हणाली, "पोरगी लई वाळली ग."

हळदीच्या दिवशी मात्र पेच पडला. नवरीला हळद लावायला भावकीतल्या सवाष्णी येणार, दहा-पंधरा हात माझ्या गालाला, कपाळाला लागणार, आणि प्रत्येकीचे डोळे गळत होते. दादा म्हणाला, "पयलं हात धुवा म्हणून सांगतो." आई म्हणाली, "सांग. लगीन मोडायचं असंल तर सांग." आणि ते खरं होतं. लग्नघरी आलेल्या बाईला तुझे हात घाण आहेत म्हणणं म्हणजे पुढच्या सात पिढ्यांची भांडणं विकत घेणं.

आई चुलीपाशी गेली. मग तिनं घंगाळात पाणी उकळलं, त्यात कडूनिंबाचा पाला टाकला, ते कोमट झाल्यावर मांडवाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं, घंगाळाला हळद-कुंकू लावलं आणि बाजूला शिकेकाईची वाटी ठेवली. पहिली बाई आली तशी आई पदर सावरून म्हणाली, "आमच्या माहेरची रीत हाय. निंबाच्या पाण्यानं हात कोपरापातूर धुवायचं, मंगच नवरीला हळद. ज्या सवाष्णीनं न्हाई धुतलं, तिच्या घरात साडसाती येती म्हणं."

बायकांनी इतके हात धुतले की पाणी दोनदा बदलावं लागलं. एकीनं तर घरी परत जाऊन सुनेला आणलं, ती राहिली होती म्हणून. आईच्या माहेरची एक म्हातारी मावशी तिथं होती, तीही म्हणाली, "व्हय, लई जुनी रीत हाय ती." अजूनही आमच्या भावकीत हळदीला निंबाचं पाणी ठेवतात. गेल्या वर्षी नातीच्या लग्नात एका गुरुजींनी मला त्यामागचा अर्थही समजावून सांगितला. मी मान डोलावली.

लग्नाच्या सकाळी आमच्याकडच्यांची मुख्य चिंता ही की वऱ्हाडाला आमचे डोळे दिसू नयेत. आबांनी फेटा भुवयांच्या खाली ओढला. बायकांनी पदर नाकापर्यंत घेतले. ठरलं असं की पाहुण्यांशी बोलताना जमिनीकडं बघायचं, ते आदबीचंच दिसतं. गाड्यांच्या घुंगरांचा आवाज आला, वाजंत्री वाजली, आणि आबा व्याही-भेटीला पुढं गेले. व्याह्यांचाही फेटा भुवयांखाली होता. दोघांनी जमिनीकडं बघत एकमेकांकडं हात पसरले आणि एकमेकांच्या बाजूनं निघून गेले. आबांनी भेटीची मिठी वाजंत्र्याला मारली. व्याह्यांनी मांडवाच्या खांबाला. मी माळ्याच्या झरोक्यातून पाहत होते आणि हातांत पिशव्या होत्या म्हणून तोंडावर हात ठेवता येत नव्हता.

बराच वेळ दोन्हीकडची मंडळी आदबीनं जमिनीकडं बघत बसली. इतकं नम्र लग्न त्या खोऱ्यात कधी झालं नसेल. शेवटी माझ्या सासूबाई आईच्या जवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, एक विचारू का? वाईट वाटून घिऊ नगा. धनं भिजवल्यालं पानी मिळंल का वाईच, डोळ्यास्नी लावाया?"

आईनं पदर वर केला. सासूबाईंनीही केला. दोघींनी एकमेकींचे डोळे पाहिले.

"कवापासनं?" आईनं विचारलं.

"चार रोज झालं. आमच्यात कुणाचंच राहिलं न्हाईत. तुमी तिथी मोडाल म्हणून बोललो न्हाई."

आई हसायला लागली. मग सासूबाई हसल्या. मग मांडवभर फेटे वर गेले, पदर वर गेले, आणि लाल डोळ्यांची दोन्ही वऱ्हाडं एकमेकांकडं बघून पोट धरून हसली. हसल्यानं पाणी जास्तच येऊ लागलं आणि पुसायला जो तो दिसेल ते फडकं ओढू लागला. दादा एका बाकावर उभा राहून "ज्याचं त्यानं, ज्याचं त्यानं" असं ओरडत होता, पण तो बोलत होता गोठ्याकडं तोंड करून.

वेल्ह्याहून आलेले भटजी तेवढे बरे डोळे घेऊन आले होते. मांडवात पाऊल टाकल्यावर त्यांनी जे डोळे मिटले ते गावाबाहेर पडेपर्यंत उघडले नाहीत. मंगलाष्टका सगळ्या पाठ म्हटल्या, अक्षता कुठंतरी टाकल्या, आणि अंतरपाट दूर करा म्हणाले. नवऱ्या मुलाच्या डोक्याला बाशिंग, त्याखाली मुंडावळ्या, फेटा पार कानांवरून खाली उतरलेला, आणि मधे जे काही दिसत होतं ते सुजलेलं. त्यानं माळ उचलली, नेम धरला आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या दादाच्या गळ्यात घातली. दादानं अंधुक डोळ्यांनी माळेकडं पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. आबा पुढं वर्षानुवर्षं सांगायचे, याला वाटलं भोरच्या दवाखान्यानं सत्कार ठेवलाय. माझ्या मामांनी चाचपडत ती माळ काढून पुन्हा नवऱ्या मुलाच्या हातांत दिली आणि त्याचे खांदे धरून त्याला माझ्याकडं वळवलं.

पाठवणीला सगळेच रडत होते, त्यामुळं खरं कोण रडत होतं ते कळलं नाही. आईनं मात्र मला जवळ घेताना तोंड बाजूला धरलं होतं. "लावू नगं तोंडाला तोंड," ती म्हणाली, आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या हाताला निंबाचा वास येत होता.

गाडीत आम्ही दोघं आणि पाठराखीण म्हणून आत्या. आत्या नसरापूरच्या अलीकडंच घोरायला लागली. ऊन मरणाचं होतं, माझा चेहरा घामानं निथळत होता. शेजारच्या माणसानं बराच वेळ आपले डोळे उपरण्यानं टिपले आणि मग त्याचं टोक माझ्यापुढं केलं. नव्या नवरीनं बोलायचं नसतं, हे मला लहानपणापासून सांगितलेलं. मी बोलले. माझ्या संसारातलं पहिलं वाक्य ते. "त्ये फडकं तुमचं तुमीच वापरा. माझ्या डोळ्यास्नी लावू नगा."

त्यांनी टोक मागं घेतलं. मला वाटलं, झालं, आता हा गाडी फिरवतो. थोड्या वेळानं कापड फाटल्याचा आवाज आला. त्यांनी लग्नाचं कोरं उपरणं मधोमध फाडलं होतं. कोरडं अर्धं माझ्या मांडीवर ठेवून ते म्हणाले, "ह्ये तुझं."

एवढं सगळं करून शेवटी मी वाचले का? नाही. सासरच्या उंबऱ्यात सासूबाई काजळाची डबी घेऊनच उभ्या होत्या. त्यांनी आत्याला आपली डबी दाखवली, आत्यानं कनवटीची आपली काढली. दोघींनी एकमेकींचं काजळ बोटावर घेऊन वास घेतला, चोळून पाहिलं, आणि दोघींत तिथल्या तिथं जी मैत्री झाली ती जन्मभर टिकली. मग दोघींनी मिळून मला पाटावर बसवलं, एका डोळ्यात हिचं आणि एका डोळ्यात तिचं. नव्या सुनेनं सासूचा हात धरायचा कसा? दादा मागं राहिला होता, उलथनंही मागं राहिलं होतं. आत्याचा चेहरा त्या वेळी मी जवळून पाहिला. लग्नात तिला जे काही समाधान मिळालं ते त्या क्षणी.

तिसऱ्या सकाळी माझ्या पापण्या उघडेनात. आणि त्याच सुमाराला यांचे डोळे निवळले. म्हणजे मला दिसत होतं तेव्हा हे आंधळे, आणि यांना दिसायला लागलं तेव्हा मी. पण माणूस कामाचा निघाला. पाणी उकळून, गार करून, कापसाच्या स्वच्छ बोळ्यानं माझ्या पापण्या भिजवायचे, बोळा चुलीत टाकायचे आणि हात धुवायचे. सासूबाई काजळ घेऊन आल्या तर म्हणायचे, "आई, भोरच्या डॉक्टरानं सांगितलंय, काजळ डोळं बरं झाल्यावर." हे डॉक्टर कोण, असं यांनी मला कधी विचारलं नाही. मी गाडीत घाबरून घाबरून दादाचं सगळं व्याख्यान त्यांना ऐकवलं होतं.

मग एका सकाळी पापण्या आपोआप सुटल्या. उजेड टोचला नाही. मी चेहऱ्यावरचा पदर बाजूला करून अंगणात पाहिलं, तर एक उंच, हडकुळा माणूस उघड्या डोक्यानं बैलाला पाणी दाखवत उभा होता. त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय."

"मग?"

नवऱ्याला काय सांगायचं असतं याचा मला काही अनुभव नव्हता. जे दिसलं ते मी सांगितलं. "कान लई मोठं हायेत तुमचं."

त्यांनी बादली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी दोन्ही कान चाचपून पाहिले.

"त्ये साथीनं न्हाई," ते म्हणाले, "त्ये पयल्यापासनंच हायेत."